रांगेतली माझी जागा आणि बिशप

पेनकूम
१९ नोव्हेंबर

आदरणीय एलुनेडताई,

धाकट्या भावाचा नमस्कार घे. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि दाजींचा खोकला समुद्राच्या वाऱ्याने कमी झाला की वाराच आता खोकायला लागलाय, ते सविस्तर कळव. आम्ही दोघं ठीक आहोत. नेस्टाच्या खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं. (नवा खुबा तुमच्यापेक्षा जास्त टिकेल असं डॉक्टर तिला म्हणाले. हे वाक्य तिने त्यांना तिथल्या तिथे परत घ्यायला लावलं.) वाढदिवसाला पाठवलेला स्वेटर मिळाला. रंग सुरेख आहे. डावी बाही दरवर्षीप्रमाणे उजवीपेक्षा चार बोटं लांब आहे, पण मी ती दुमडून घालतो आणि कुणी विचारलंच तर आमच्या घराण्यात असंच असतं म्हणून सांगतो. नेस्टाने तुला लिहून दिलेल्या विणीत अवघड असं काहीच नाही, असं ती म्हणते, पण तू मनाला लावून घेऊ नकोस. आईच्या पद्धतीचं मटणाचं सूप नेस्टा अजून करते का, असं तू विचारलं होतंस. करते. लग्नात तू तिला दिलेल्या कागदाबरहुकूम करते. अडतीस वर्षं ती ते करते आहे, आणि अडतीस वर्षं मी 'जवळजवळ आईसारखंच झालंय' म्हणतो आहे.

तर मुद्द्याचं. मागच्या पत्रात तू मला झाडलंस की या वयात कुत्रा कशाला, आणि घ्यायचाच तर तुझ्या शेजारच्या बाईंकडे आहे तसा गोडसा कॉकर स्पॅनियल घे. ताई, तुझा सल्ला मी शिरोधार्य मानला असता, पण तुला ॲबरिस्टविथला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि इथे काय पणाला लागलं होतं ते तू विसरलीस. मार्चमध्ये आपला मॉट गेला. तेरा वर्षांचा होता, सकाळी दूध प्यायला आणि दुपारी गेला, आणि मी त्याला सफरचंदाच्या झाडाखाली पुरलं. पण कुत्रा जातो तेव्हा एकटा जात नाही, मालकाची रांगेतली जागाही घेऊन जातो. आपल्या डोंगरावरच्या शिकारीचे नियम तुला आठवत असतील. फेझंट पक्षी बंदुकांच्या दिशेने उठवायला हाकेवाल्यांची रांग लागते, रांगेत एका कुत्र्यामागे एक माणूस, आणि पासष्टी उलटलेल्या माणसाकडे कुत्रा नसेल तर त्याने गपचूप झोपडीत जाऊन दुपारच्या जेवणाचं सूप ढवळायचं. गावात एखादा 'सूपाला लागला' असं म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो, की पुढच्या वर्षी त्याच्या बागेतले बटाटे दुसरंच कुणीतरी काढणार. म्हातारा आयव्हर सूपाला लागला आणि दोन हिवाळ्यांत आटोपला. त्याच्या आधीचा तर एकाच हिवाळ्यात.

माझी जागा म्हणजे ओढ्यापासून सातवी, दगडी भिंत आणि काटेरी झुडपांच्या मधली. ती आपल्या बाबांची जागा, त्यांच्याआधी आजोबांची. तिथल्या काट्यांना आपल्या तीन पिढ्यांच्या विजारींची चव माहीत आहे. ऑगस्टच्या बैठकीत आमचा कप्तान इद्रिस बेडोज (तोच, शाळेत तुझ्या वेणीला पेन्सिल बांधायचा तो) सगळ्यांदेखत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तेगिद, चाळीस वर्षं काट्यांत फाटलास. आता मॉटही राहिला नाही. यंदा झोपडीत शेगडीपाशी बस बाबा, सूपाकडे बघायला कुणीतरी जाणतं माणूस पाहिजेच." खांद्यावरचा हात इतका मायाळू होता की मला धडकीच भरली. मी म्हणालो, माझा कुत्रा येतोय. कोणता, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, स्पॅनियल. इतकंच खरं होतं, कारण आपल्याकडे दुसरं काही पाळतच नाहीत.

घरी येऊन नेस्टाला सांगितलं तर तिथे वेगळीच अट उभी. तिला डॉक्टरांनी सहा आठवडे उड्या, धक्के आणि जिने यांपासून लांब राहायला सांगितलं होतं. तिला हवा होता पायाशी शांत बसणारा, अंगावर न येणारा आणि बोललेलं ऐकणारा सोबती. मी ऐकतो की, असं मी म्हणालो. तर म्हणाली, तू ऐकतोस असं दाखवतोस, कुत्रा खरंच ऐकतो. म्हणजे बाहेर वाघ आणि घरात गाय असा एकच प्राणी शोधायचा होता, आणि तोही ऑक्टोबर उजाडायच्या आत.

आता तुझ्या कॉकरबद्दल. गोड असतो, कबूल. पण कॉकर हा सतत मनात काहीतरी बेत शिजत असलेला प्राणी आहे. तो तुमच्याकडे प्रेमाने बघतो तेव्हा त्याच्या मागे काय काय गायब झालंय ते आधी बघावं. आपला वेल्श स्प्रिंगर घ्यावा, लाल-पांढरा, घरचा, देशाचाही मान राखला जाईल, असं मलाही फार वाटत होतं. पण चौकशी केली तर दऱ्याखोऱ्यांतली सगळी पिल्लं पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बोललेली. (देशाभिमान आपल्याकडे नेहमीच सगळ्यांना एकदम येतो.) शेवटी पलीकडच्या खोऱ्यातल्या एका माणसाने पंधरा दिवस वापरून बघा म्हणून एक इंग्लिश स्प्रिंगर दिला. नाव स्पार्क. ताई, स्प्रिंगरचं काम काय, तर झुडपात शिरायचं आणि दडून बसलेला पक्षी उठवायचा. स्पार्क कामाला इतका पक्का होता की आमच्या घरात त्याने बसलेलं काहीच बसू दिलं नाही. मांजर उठवलं, पोस्टमन उठवला, पाळकसाहेब चहाला आले होते त्यांना तीन वेळा उठवलं. तिसऱ्या दिवशी त्याने नेस्टाला खुर्चीतून उठवलं. ती नव्या खुब्यासकट एका झटक्यात उभी राहिली. डॉक्टरांना याचं फार कौतुक वाटलं, पण नेस्टाला वाटलं नाही. पंधरा दिवसांचा स्पार्क चौथ्या दिवशी परत गेला, आणि जाताना मोटारीतसुद्धा बसला नाही, उभाच होता.

मग कुणीतरी लडलो गावाजवळच्या एका इंग्रज विधवा बाईंचं नाव सांगितलं. त्यांचे यजमान शिकारी होते, ते गेले आणि त्यांचा पाच वर्षांचा क्लंबर मागे राहिला. क्लंबर हा स्पॅनियलांतला थोरला. पांढराशुभ्र, कानांवर लिंबासारखे पिवळट डाग, वजन पिठाच्या पोत्याइतकं, आणि चेहरा असा की नुकतीच कुणीतरी वाईट बातमी सांगितली आहे पण तो ती चारचौघांत दाखवणार नाही. नाक मात्र असं की कालचा पक्षीसुद्धा सापडावा. बाईंनी मला कुत्रा दाखवायच्या आधी अर्धा तास माझीच परीक्षा घेतली. बंदुकीबद्दल, जमिनीबद्दल एक अक्षर नाही. घरात सोफे किती, एवढंच विचारलं. मी एक म्हणालो. त्या म्हणाल्या, मग तुम्ही कुठे बसणार? मला वाटलं गंमत करताहेत.

त्याचं नाव बिशप. ते बदलायचं नाही ही बाईंची अट. बिशप न मानणाऱ्या आपल्या चॅपलच्या गावात भर रस्त्यात 'बिशप, इकडे ये' म्हणून ओरडणं हे काही बरं दिसत नाही, म्हणून मी आधी पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. ते क्षणभर गंभीर झाले आणि मग म्हणाले, असू दे, जगात निदान एक तरी बिशप हाक मारल्यावर येईल. (येत नाही.) घरी आल्या आल्या त्याने सोफा पाहिला, चढला, उसासा टाकला आणि झोपला. घोरतो तेव्हा कपाटातल्या बशा वाजतात. नेस्टा त्याच्याशी दिवसभर बोलायची आणि तो मधून मधून एक डोळा उघडून होकार द्यायचा. मला तर अडतीस वर्षांत तेवढंही जमलं नव्हतं. रोज सकाळी तिला डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सावकाश चालायचं असे आणि त्याला दुसऱ्या कुठल्याच पद्धतीने चालता येत नसे. तेव्हा ते दोघं डोंगराच्या वाटेवर बरोबर चालत, आणि मी पुढे जाऊन दर फाटकाशी घड्याळ बघत थांबत असे. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता बाबांचा नियम आठव. कुत्र्याने तोंडात धरून काहीही आणून दिलं, काहीही, तरी रागवायचं नाही. दोन्ही हातांनी घ्यायचं, शाबास म्हणायचं. एकदा रागावलात की तो पुढे कधी पक्षी आणून द्यायचा नाही. तुझी ईस्टरची नवी टोपी बाबांच्या कुत्रीने ओढ्यातून ओली करून आणली तेव्हा बाबांनी तिची पाठ थोपटली होती आणि रडतेस काय, हस, ती बघते आहे, असं तुला दरडावलं होतं. तू हसलीसही. तो फोटोतल्यासारखा हसरा चेहरा मला अजून दिसतो. तर बिशपचं असं की आणून देणं हे त्याचं जीवितकार्य आहे. सकाळी माझा एक बूट आणला, शाबास म्हणालो. दुपारी पोस्टाचं बिल आणलं, शाबास म्हणालो, जरा मनाविरुद्ध. चौथ्या दिवशी शेजारच्या मिसेस प्यू यांची अंडी घालणारी कोंबडी आणली. जिवंत, एक पीस वाकडं नाही, आणि माझ्या हातात आल्यावर तिने तिथेच अंडं घातलं. मिसेस प्यू कुंपणापाशी काठी घेऊन उभ्या. त्यांच्यासमोर मी एका हातात कोंबडी, दुसऱ्या हातात अंडं धरून कुत्र्याला म्हणतोय, शाबास रे माझ्या राजा. त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं, पण त्यांचा नवरा आयुष्यभर शिकारीला गेलेला, त्यामुळे नियम त्यांनाही ठाऊक. काठी काही उगारता आली नाही.

सप्टेंबरअखेर इद्रिस कुत्रा बघायला आला. सोफ्याकडे बघून म्हणाला की हा कुत्रा आहे की गादी. त्याला रांगेत घ्यायचं तर आधी डोंगरावर नेऊन ठेवायला ट्रॅक्टर लागेल, असंही म्हणाला. माझं तोंड पडलं. तो मला समजावत होता, झोपडीत शेगडीची ऊब कशी छान असते ते सांगत होता, तेवढ्यात बिशप उठला, दारातून बाहेर गेला आणि पाच मिनिटांनी परत आला. तोंडात पाय होता. पाय म्हणजे इद्रिसच्या बायकोने त्याला न्याहारीला करून दिलेली मांसाची पाई, अख्खी, बशीएवढी, गाडीच्या सीटवरून आणलेली. (घाईत 'पाय' लिहून गेलो, दाजी घाबरले असतील, पाई समजावं.) ती त्याने माझ्या दोन्ही हातांत ठेवली. ताई, माझी काय अवस्था झाली असेल तू विचार कर. समोर कप्तान, हातात कप्तानाची पाई, आणि कुत्रा माझ्या तोंडाकडे बघतोय. मी म्हणालो, शाबास. इद्रिस लालबुंद झाला, पण गेली वीस वर्षं नव्या पोरांना हाच नियम तो स्वतः शिकवतोय, म्हणून त्यालाही दातओठ खात 'शाबास' म्हणावं लागलं. मग त्याने पाई माझ्या हातातून घेतली, चष्मा लावला आणि सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. कडेची चुणीसुद्धा मोडली नव्हती. कुठे दात नाही, भेग नाही, फक्त थोडी ओल. शेवटी म्हणाला, "तोंड मऊ आहे. असं तोंड मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. पहिल्या शनिवारी आण त्याला." नेस्टाने ती पाई आमच्या बशीत घालून इद्रिसलाच वाढली आणि त्याने ती खाल्ली.

पहिला शनिवार उजाडला. मी पहाटेपासून बूट घालून बसलो होतो. नेस्टा काठी टेकत नुसती बघायला म्हणून गाड्यांपर्यंत आली. ओढ्यापासून सातव्या जागी मी उभा, शेजारी बिशप, खाली बंदूकवाले सज्ज. बाबांची जागा, बाबांसारखी हवा, मला अगदी भरून आलं. शिट्टी झाली, रांग निघाली आणि बिशप बसला. हाक मारली, विनवलं, खिशातला चीजचा तुकडा दाखवला. तो मान वळवून गाड्यांकडे बघत बसला. आता रांगेत एक थांबला की सगळ्यांना थांबावं लागतं, नाहीतर मधल्या भगदाडातून पक्षी मागे पळतात. चौदा माणसं, चौदा कुत्री, खाली आठ बंदुका, सगळे माझ्यासाठी खोळंबलेले. इद्रिस काट्यांतून वाट काढत माझ्यापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "तेगिद, याला आमंत्रण वेगळं द्यायचं राहिलंय का?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सूपाचा वास यायला लागला होता.

तेवढ्यात खालून नेस्टा निघाली. कुणी बोलावलं नव्हतं. काठी टेकत, एकेक पाऊल टाकत ती चढून वर आली, धाप लागली होती तरी इद्रिसला म्हणाली की याला एकट्याने चालायची सवय नाही, आणि बिशपला म्हणाली, "चल रे, उगाच लोकांना ताटकळवू नकोस." बिशप उठला आणि तिच्या बरोबरीने चालू लागला. मी मागोमाग. रांगेचा नियम असा की सगळ्यांनी सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या चालीने चालायचं. त्या दिवशी पेनकूमची अख्खी शिकार नव्या खुब्याच्या चालीने चालली. स्प्रिंगरवाल्यांचे हात कुत्री आवरून आवरून दुखले. आणि ताई, काय सांगू, एरवी आम्ही धडाधड आत घुसतो तेव्हा सगळे फेझंट पुढच्या कोपऱ्यात पळून एकदम उडतात आणि बंदूकवाले आकाशाकडे बघत राहतात. त्या दिवशी ते एकेक, दोन-दोन करत उठले, सावकाश, चॅपलमधून बाहेर पडणाऱ्या मंडळींसारखे. बिशप एकेका झुडपात डोकं घालायचा, आत काय आहे ते नेस्टाला सांगायचा आणि पक्षी उठवायचा. वीस वर्षांत असा हाका झाला नव्हता, असं खाली म्हातारे बंदूकवाले म्हणत होते. इद्रिसने टोपी काढली. घामासाठी काढली असं तो म्हणतो.

संध्याकाळी त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं की ओढ्यापासूनची सातवी जागा यंदाही प्रॉसरांच्या, म्हणजे आपल्या, घराकडेच राहील. मी उभा राहून आभार मानले. तेव्हा तू काळजी करू नकोस, घराण्याची जागा शाबूत आहे. नेस्टाचा खुबा डोंगरावरच्या हवेने सुधारतोय आणि बिशप सोफ्यावर आहे. दाजींना माझा नमस्कार, आणि नाताळात याल तेव्हा खुर्च्यांची सवय करून या.

तुझा धाकटा भाऊ,
तेगिद

ता. क. : कालचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट जरा मोघम राहिली आहे असं नेस्टाचं म्हणणं पडलं. जागा प्रॉसरांच्या घराकडे राहिली हे खरंच आहे. पण एका कुत्र्यामागे एक माणूस, आणि बिशपने कोणता माणूस निवडला ते तू वाचलंसच. आपल्या रांगेत आजवर बाई नव्हती. आता सातव्या जागी बाबांचा कोट घालून नेस्टा उभी राहते, फार शोभते. मी झोपडीत असतो. शेगडीची ऊब खरोखरच छान असते.

ता. क. दुसरा : पहिल्या दिवशी मी झोपडीत तोंड पाडून बसलो होतो हे तुझ्यापासून लपवत नाही. आयव्हरचाच सूपाचा डाव, आयव्हरचाच पाट. दोन शेतं पलीकडे हाका संपला, बंदुका थांबल्या, आणि मग बराच वेळ कुणीच जेवायला येईना. दारात येऊन बघतो तर बिशप शेतातून एकटा चालत येतोय, तोंडात फेझंट. नेस्टाने हात पुढे केला तर तिला वळसा घालून निघाला होता म्हणे. ओढा ओलांडला, फाटकाखालून आला, आणि मागून सगळी मंडळी त्याच्या चालीने, कारण पक्षी हातात पडल्याशिवाय जेवण नाही हाही नियमच आहे. त्याने तो माझ्या हातात ठेवला, एक पीस वाकडं नव्हतं. त्याच्या लेखी शाबास म्हणणारा मीच. मी डाव खाली ठेवून दोन्ही हातांनी घेतला आणि शाबास म्हणालो. मला फार, फार बरं वाटलं, ताई. आता प्रत्येक पक्षी असाच येतो. शेवटचा हाका झोपडीजवळ ठेवायचं इद्रिसने ठरवलं आहे, नाहीतर जेवणाला अंधार पडतो.

ता. क. तिसरा, आणि याचसाठी हे पत्र : सूप आता मी करतो, नेस्टाच्या कागदावरून. गेल्या शनिवारी मंडळी ते कुंपणापलीकडे ओतताना मी स्वतः पाहिली. बिशपनेही हुंगून सोडून दिलं. ताई, आपण दोघं आता म्हातारे झालो. लग्नात तू दिलेल्या कागदावर एक जिन्नस लिहायचा राहून गेला आहे, हे मला पहिल्या घासापासून माहीत होतं. मी कधी बोललो नाही, बोलणारही नाही. फक्त तो जिन्नस आणि तो केव्हा घालायचा ते उलट टपाली कळव. नेस्टाला यातलं काही ठाऊक नाही, तेव्हा पाकिटावर 'खाजगी' लिही.

ता. क. चौथा : एलुनेड, हे पत्र बिशपने टेबलावरून उचलून मला आणून दिलं (दुसऱ्या पानावरचा ओला डाग त्याचाच). मी शाबास म्हटलं आणि सगळं वाचलं. तू तो जिन्नस कळव. मग स्वेटरच्या विणीत डाव्या बाहीच्या वेळी घटवायच्या टाक्यांची एक ओळ माझ्याकडून लग्नाच्या वर्षी लिहायची राहिली होती, ती मीही पाठवते. – नेस्टा